कोल्हापुरीला मिळालेली खोली

लोकांच्या चपला देवळातून जातात, माझ्या टोकियोतल्या आर्ट गॅलरीतून गेल्या!

त्या दिवशी टोकियोच्या हिगाशी-कसाई भागात खोली शोधताना दोन घरमालकांनी ‘परदेशी भाडेकरू नको’ म्हटलं, तेव्हा बायको वैतागून म्हणाली, “चल, निदान प्रदर्शन तरी बघू.”

तिथे एका चिनी कलाकाराने शहरातली भाड्याची खोली हुबेहूब उभारली होती, दाराशी चपलांच्या ढिगासकट. सवयीने मीही कोल्हापुरी काढून आत शिरलो. बाहेर येऊन पाय घालणार, तोच तिथली बाई धावत आली.

“थांबा! कलाकृतीला पाय लावू नका!”

“अहो, माझ्या चपला आहेत!”

ती कौतुकाने वाकली. “इथे सगळ्यांना तसंच वाटतं. कलाकाराला तेच तर हवं होतं!”

मी बायकोकडे पाहिलं.

“राहू दे रे,” ती म्हणाली. “तुझ्या चपलांना तरी टोकियोत खोली मिळाली.”