टिल्डाला मिळालेला सी

नाही नाही, कोरिगनबाई, भांडायला नाही आलो. बसतो की! सातवीच्या पोरांच्या मापाची खुर्ची आहे, पण बसतो, उठायचं उठताना बघू. तर माझ्या नातीच्या, टिल्डाच्या त्या उत्तराबद्दल. बॉस्टनच्या लोकांनी चहा समुद्रात का फेकला, एवढाच प्रश्न, आणि तुम्ही तिला सी दिलात. दिलात ते दिलात, चूक केलीत असं म्हणत नाही — म्हणजे थोडं म्हणतोय — पण पोरांना वाटतं, चहा महागला म्हणून लोक भडकले. महागला कुठे! इंग्रज सरकारच्या चहाच्या कायद्यानं उलट स्वस्त झाला. कर तेवढा राहिला. चोरून चहा आणणाऱ्या व्यापाऱ्यांच्या पोटात दुखलं — आता सगळ्यांच्याच दुखलं असं नाही, काहींना तत्त्वाचीही चाड असेल, कदाचित — आणि हे सगळं टिल्डानं मांडलंय! एवढ्याशा पोरीनं!

हसताय का? बरं, एवढीशी पोर 'तथापि' लिहीत नाही, मान्य. आमच्या घरात लिहितात. म्हणजे मी लिहितो. म्हणजे — मदत केली हो, थोडी. पहिलं वाक्य तिचंच होतं... नाही, तेही नंतर बदललं मी.

असं बघू नका. उभा जन्म कॉलेजात हाच इतिहास शिकवला, पण घरात कुणी कधी एक प्रश्न विचारला नाही. मुलगी दातांची डॉक्टर, जावई बेसबॉलपुढे मान वर करत नाही. आणि त्या रविवारी ही पोर वही घेऊन शेजारी येऊन बसली — 'आजोबा, तुम्हाला येतं ना हे?' काय सांगू तुम्हाला! तव्यावरचे पॅनकेक करपले, सगळं घर धुरानं भरलं, तरी माझं चालूच. शेवटी ती म्हणाली, 'आजोबा, पण का फेकला ते सांगा ना!' म्हटलं, त्यावर मतभेद आहेत. म्हणाली, 'तुमचे कुणाशी?' आता काय सांगणार — माझे माझ्याशीच!

तुमचा शेरा वाचला मी. 'माहिती छान, पण तुझं मत कुठे आहे?' तिला काही नाही त्याचं, शेरा वाचला आणि सायकल घेऊन पळाली. झोप उडाली ती माझी. माझ्या पुस्तकावर प्रकाशकानंही नेमकं हेच — जाऊ द्या. भीती एवढीच, की सी मिळवून देणाऱ्या आजोबाला पुन्हा कोण विचारेल? तुमचा पुढचा प्रश्न आलाय, आणि काल ती तो फोनला विचारत बसली होती. फोनला! मी समोर बसलेलो! म्हणून म्हटलं, त्या सीचा बी करता आला तर...

काय? तिनं आधी काय लिहिलं होतं? मी खोडलं ते? अहो, काहीतरीच, पोरकट. माझं सगळं ऐकून घेतलं आणि लिहिलं एकच वाक्य — 'स्वस्त दिलात, पण आम्हाला विचारलं नाहीत, म्हणून फेकला.' बस्. ना पुरावा, ना तळटीप, ना एखादं 'कदाचित'...

...विचारलं नाहीत, म्हणून.

पेन खाली ठेवा, बाई. सी राहू द्या, तो माझा आहे. तिला एक कोरा कागद द्या, आणि तिचं ते वाक्य तिला पुन्हा लिहू द्या. पुढच्या प्रश्नाला मी आपणहून तिला विचारीन, 'टिल्डा, तुला काय वाटतं?' आणि मग ती बोलेल, आणि मी... मी गप्प बसेन. जमेल हो. जमेल मला. हे बघा, आत्तापासूनच —