म्हशीचे टायर

काका: बटण टायरच घाल. पुढे आणि मागे, दोन्हीकडे. मोठ्या गुटक्यांचे, खडीत रुतून धरतील असे. माझं ठरलंय.

टायरवाली: तुमचं ठरलंय, पण काका, तुम्ही तर गाडी विकताय ना? मगाशी टेम्पोतून उतरवताना म्हणालात.

काका: विकतोय. रविवारी घेऊन जाणार आहेत. दातांचे डॉक्टर आहेत, तरुण माणूस.

काकू: त्या डॉक्टरांनी टायर मागितलेत का, विचार यांना. नाही. गाडी आहे तशी घेतो म्हणालेत.

काका: अगं, झिजलेल्या टायरवर गाडी दुसऱ्याच्या हाती द्यायची? रस्ते बांधलेल्या माणसाला शोभतं का ते? पस्तीस वर्षं मी...

काकू: झालं. आता रस्ते सुरू झाले. बाई गं, चहा सांग तू, वेळ लागणार आहे.

टायरवाली: सांगितलाय काकू. बरं काका, डॉक्टर गाडी चालवतात कुठे?

काका: म्हणजे?

टायरवाली: शंभर किलोमीटरमधले किती डांबरावर आणि किती कच्च्यावर? टायर त्यावर ठरतो. नुसतं दवाखान्यात जाऊन यायचं असेल तर बटण टायर म्हणजे गमबूट घालून घरात वावरल्यासारखं. डांबरावर घोंघावतो, लवकर झिजतो, आणि ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की पकड सोडतो.

काका: छे छे, दवाखान्यात कशाला? पहाटे निघायचं. धरणापर्यंत डांबर. मग डावीकडे वळलं की बारा किलोमीटर कच्चा चढ, थेट खिंडीपर्यंत. वर पोचलं की गाडी बंद करायची, हेल्मेट काढायचं आणि पाच मिनिटं काही बोलायचं नाही.

काकू: हे सगळं डॉक्टरांनी सांगितलं?

काका: माझा अंदाज आहे.

काकू: अंदाज! फोनवर दीड मिनिट बोललात त्यांच्याशी. त्यातलं एक मिनिट स्वतःच्या दाढेबद्दल.

टायरवाली: काकू, खरं सांगू? मलाही वाईट वाटतंय हो. तुमची ही म्हैस माझ्या वडिलांच्या वेळेपासून या दुकानात येतेय.

काकू: नावही मीच ठेवलं तिचं. सव्वादोनशे किलो वजन, वाटेत उभी राहिली की हलत नाही, आणि यांचं तिच्यावर माझ्यापेक्षा जास्त लक्ष. दुसरं काय म्हणणार?

टायरवाली: थांबा, जुने टायर बघू आधी. टायर खोटं बोलत नाही.

(टायरवाली मागचं चाक काढून जमिनीवर आडवं टाकते आणि टोचणीने खाचा उकरू लागते.)

टायरवाली: हा मधोमध सपाट झालाय, पार चौकोनी. हे हमरस्त्याचं काम. पण कडेला हे काय? दगडाचे काप आहेत. आणि नवे आहेत काका, आतलं रबर अजून काळंभोर दिसतंय. परवा-तेरवा कुठे नेली होती?

काका: कुठे नेणार? आठ महिने शेडमध्ये उभी आहे. हा डावा हात बघ माझा. एवढीच मूठ मिटते. क्लच कसा दाबू?

टायरवाली: मग हे खाचेत काय अडकलंय?

काका: आण इकडे. चष्मा कुठाय माझा... हां. मुरूम आहे. लाल. बोटाला रंग लागतोय, म्हणजे ओला असताना अडकलाय. खिंडीतला नाही हा, तिकडे काळी खडी आहे. हा आपल्या जुन्या खाणीतला. याचे नमुने मी स्वतः तपासलेत. पण खाणीत गाडी कोण नेईल?

काकू: चहा निवतोय तुमचा.

काका: थांब गं. शेडच्या किल्ल्या दोन. एक माझ्या खिशात.

काकू: आणि एक माझ्या पर्समध्ये.

काका: कुणाला दिली होतीस?

काकू: मी किल्ल्या वाटत हिंडते का?

टायरवाली: काका, मी मगाशी बोलले नाही, पण सीटही खाली घेतलेली आहे. आणि क्लचचा दांडा आत ओढून बसवलाय, लहान हाताला पोचावा म्हणून. मला वाटलं, तुम्हीच करून घेतलंत.

काका: मी? मी तर आठ महिन्यांत शेडचं दारसुद्धा... आज टेम्पोवाल्यांनीच बाहेर काढली. मी बघितलं नाही तिच्याकडे.

काकू: माहीत आहे. म्हणून तर जमलं.

काका: काय जमलं?

काकू: मी चालवते.

काका: काय चालवतेस?

काकू: म्हैस. सोमवार, बुधवार, शुक्रवार. तुम्ही हाताच्या व्यायामाला जाता तेव्हा.

काका: तू.

काकू: मीच. लायसन्सही काढलंय. फोटो बरा आला नाही, म्हणून दाखवलं नाही.

टायरवाली: काकू! अहो काकू!

काका: तू हसू नकोस. अगं, तुझे पाय तरी पोचतात का जमिनीला?

काकू: एक पोचतो. थांबताना एकच लागतो.

काका: शिकवलं कुणी?

काकू: खाणीवर डंपर चालवते ना, तिने. माझ्याच बालवाडीत होती. तेव्हा रांगेत एक दिवस उभी राहिली नाही, आता मला रांगेत चालवते. पहिले दोन आठवडे गाडी सुरूच करू दिली नाही. नुसती आडवी पाडायची आणि उचलायची. गाडीकडे पाठ करायची, खाली बसायचं, हँडल एका हातात, मागची कडी दुसऱ्या हातात, आणि पायांनी रेटत मागे सरकत उठायचं. कंबरेने नाही, पायांनी.

काका: म्हणजे तो गुडघा फुटला होता तुझा...

काकू: खाणीत.

काका: मला म्हणालीस बाथरूममध्ये घसरले!

काकू: घसरलेच होते. जागा तेवढी बदलून सांगितली.

काका: अगं, मी बाथरूमभर रबरी पायपुसणी अंथरली!

काकू: छान आहेत ती. राहू देत.

टायरवाली: मी जरा पुढचं चाक काढते. तुम्ही बोला.

काकू: तू थांब इथेच. तू असलीस की हे आवाज चढवत नाहीत.

काका: मी आवाज चढवतच नाहीये. मला फक्त एवढं सांग, मला का नाही सांगितलंस?

काकू: सांगितलं असतं तर तुम्ही शिकवायला आला असतात.

काका: मग?

काकू: म्हणूनच.

टायरवाली: काका, यात त्यांचं बरोबर आहे. मागे तुम्ही मला माझाच हवा भरायचा पंप शिकवत होतात.

काका: बरं. मी बोलत नाही. पण या वयात, कशासाठी? कुठे जायचं होतं तुला?

काकू: कुठे जायचं नव्हतं. तो दिवस आठवा. दुपारी चारला पडलो आपण खिंडीच्या वाटेवर. गाडीचं हँडल तुमच्या मनगटावर. हात कसाबसा सोडवला मी, पण गाडी काही मला उचलता आली नाही. फोनला रेंज नाही. तुम्ही दगडाला टेकून बसलेले, ओठ पांढरेफटक पडलेले, आणि मला सांगताय की काळजी करू नकोस, या वाटेचा उतार सात टक्के आहे.

काका: काहीतरी बोलायचं म्हणून बोलत होतो.

काकू: आणि मी तिथे तीन तास उभी. शेजारी गाडी. किल्ली लागलेली, पेट्रोल अर्धी टाकी, काही मोडलेलं नाही. खाली अकरा किलोमीटरवर दवाखाना. एकतीस वर्षं त्या गाडीच्या मागे बसले मी, पण क्लच कुठला हे विचारलंसुद्धा नाही कधी. ती मेंढ्यांची गाडी आली नसती तर?

काका: आली ना पण.

काकू: आली. मेंढ्यांच्या मेहरबानीवर मी पुन्हा नाही राहायची.

काका: मी का विकायला काढली माहीत आहे? हातासाठी नाही. हात काय, होईल थोडाफार. त्या दिवशी तुझा चेहरा बघितला मी. इतकी घाबरलेली तुला कधी बघितली नव्हती. म्हटलं, बस झालं. जी वस्तू हिला एवढं भ्यायला लावते, ती दारात नको.

काकू: तो घाबरलेला चेहरा नव्हता हो.

काका: मग?

काकू: राग होता. माझा माझ्यावर.

काका: आठ महिने मी तुझा चेहरा चुकीचा वाचत बसलो?

काकू: तुम्हाला मुरूम बरोबर वाचता येतो. माणसाचं जरा कच्चं आहे.

टायरवाली: चहा दुसरा सांगते. हा पार गार झाला.

काका: सांग. आणि तू ऐक, तूही ऐक गं. एक गोष्ट मीही सांगायची राहिलीय.

काकू: आता तुमचं काय?

काका: मी सगळ्यांना सांगत हिंडलो ना, की त्या वाटेवर खडी नीट दाबली नव्हती, म्हणून पडलो? खडीचा काही दोष नव्हता. त्याच्या आधीच्या महिन्यात मी इथे आलो होतो, पंक्चर काढायला. ही मला म्हणाली होती, काका, पुढचा टायर गुळगुळीत झालाय, कच्च्यावर नेऊ नका. म्हणाली होतीस की नाही?

टायरवाली: म्हणाले होते.

काका: आणि मी काय म्हणालो?

टायरवाली: जाऊ द्या ना काका.

काका: सांग तिला.

टायरवाली: म्हणालात, टायर नाही चालवत गाडी, हात चालवतो.

काकू: आणि तू इतके दिवस गप्प?

टायरवाली: काकू, प्लास्टरमधल्या माणसाला काय बोलायचं? दोनदा तुमच्या घराकडे यायला निघाले, दोनदा परत फिरले.

काकू: अहो, म्हणजे तुम्हाला माहीत असून मला मागे बसवून नेलंत?

काका: हो.

काकू: आणि वर त्या बिचाऱ्या खडीला शिव्या घातल्या.

काका: तक्रारअर्ज पण केला होता. बांधकाम खात्याकडे. परवा त्यांचं उत्तर आलं, की पाहणी केली, खडी व्यवस्थित आहे.

काकू: देवा! हसू की रडू मी? आज रात्रीचा स्वयंपाक तुम्ही करायचा. एका हाताने.

काका: करतो.

काकू: आणि पुढचा आठवडाभर.

काका: करतो गं. माफ कर.

काकू: बघू. आधी जेवण कसं होतंय ते बघू.

टायरवाली: मग? बटण टायर आता नकोत ना?

काका: डॉक्टरांना फोन करायला हवा. काय सांगू त्यांना?

काकू: खरं सांगा. चालवणारी मिळाली म्हणावं.

टायरवाली: चला, म्हणजे आता पहिल्यापासून. शंभरातले किती डांबरावर, किती कच्च्यावर?

काका: साधारण साठ आणि...

टायरवाली: काका, चालवणाऱ्याला विचारतेय.

काका: हो हो. विचार.

काकू: बहिणीकडे जायचं, ते सगळं डांबर. बाजार, बँक, डांबर. पण महिन्यातून एकदा खिंडीत जायचं मला. आणि त्या वाटेने वर पोचायचं आहे, अर्ध्यावरून परत नाही.

टायरवाली: ओझं किती? एकटी की दोघं?

काकू: दोघं. हे आणि यांचं बोलणं.

टायरवाली: मग सत्तर-तीसचा देते. सत्तर डांबर, तीस कच्चा. मधली पट्टी सलग आहे, त्यामुळे ओल्या रस्त्यावर ब्रेक लागतो, आणि कडेला खाचा खोल, खडीत चालून जातो. बटणासारखा भन्नाट नाही, पण घात करत नाही.

काका: एक बोलू का?

काकू: बोला. एकच.

काका: मागे सत्तर-तीस बरोबर आहे. पण पुढे पन्नास-पन्नास घाल. कच्च्यावर मागचं चाक सरकलं तर माणूस सावरतो. पुढचं सरकलं की संपलं, वेळच मिळत नाही. मला मिळाला नाही. डांबरावर थोडा आवाज करेल, करू दे.

टायरवाली: एकाच कंपनीचे, एकाच बांधणीचे घातले तर चालतं तसं. चांगलं चालतं. काकू?

काकू: बरोबर बोलताय तुम्ही.

काका: पुन्हा म्हण.

काकू: एकच ठरलं होतं.

टायरवाली: झालंच आता, बसवते. हवा सांगितली तेवढीच ठेवा काकू, कच्च्यावर उतरलात की थोडी कमी करायची, डांबराला लागलात की परत भरायची. छोटा पंप देते सोबत. आणि नवा टायर निसरडा असतो, वरचा थर घासून जाईपर्यंत पहिले दीडशे किलोमीटर वळणावर झुकवायची नाही, ब्रेक हळू.

काकू: डंपरवालीने सांगितलंय. नवीन मूल नवीन वर्गात आल्यासारखं वागायचं म्हणाली.

काका: टेम्पो बोलावू का परत?

काकू: टेम्पो कशाला? मी आहे की. हेल्मेट आणलंय मी, त्या मोठ्या पिशवीत.

काका: म्हणजे तू ठरवूनच आली होतीस?

काकू: गाडी विकू द्यायची नाही एवढं ठरवून आले होते. पुढचं टायरने सांगितलं.

टायरवाली: काका, हे घ्या, माझं हेल्मेट न्या तुम्ही. उद्या आणून द्या. काकू, गाडी स्टँडवरून उतरवू का?

काकू: नको. मी उतरवते. सरक जरा. हं. चढा आता. डावा पाय त्या पायपट्टीवर, माझ्या खांद्याला धरा आणि पाय वरून टाका. अहो, हँडलकडे कुठे निघालात? मागे.

काका: मागून फारच उंच आहे गं हे.

काकू: आहेच.

काका: आणि पुढचं काही दिसत नाही. नुसतं तुझं हेल्मेट दिसतंय.

काकू: एकतीस वर्षं मी तुमचं बघितलं.

काका: हात कुठे ठेवू?

काकू: कमरेला धरा. घट्ट नको, गुदगुल्या होतात. बसलात नीट?

काका: बसलो. अगं, जरा हळू हां.

काकू: अहो, अजून सुरूच केली नाही.