पेन्का मावशीपुढची लाल खूण

स्नेझाना : थांबा, ओग्न्यानसाहेब. हा पगाराचा अहवाल संचालकांकडे पाठवू नका. पेन्का मावशीपुढे लाल खूण आलीय.

ओग्न्यान : येणारच. शिवणखात्याच्या कमाल मर्यादेवर गेलाय तिचा पगार. वर गेलेल्यांना यंदा वाढ नाही.

स्नेझाना : पगार नाही गेला वर. इतक्या वर्षांच्या नोकरीचा सेवाभत्ता त्यात मिसळलाय, म्हणून तसं दिसतं. परदेशी सॉफ्टवेअरला आपला भत्ता काय कळणार? त्याला सांगितलं, सगळं एकत्र मोज. ते मोजतंय.

ओग्न्यान : सांगितलं मीच. पण बाई, दुपारी बैठक आहे. पुढच्या वर्षी बघू.

स्नेझाना : पुढच्या वर्षी ती निवृत्त होतेय. ही तिची शेवटची वाढ, पेन्शनमध्येही धरली जाणारी.

ओग्न्यान : नात्यातली आहे का तुमच्या?

स्नेझाना : नाही. या कचेरीत येण्याआधी मी शिवणयंत्रावर होते, तेव्हा शेजारी बसायची.

ओग्न्यान : कंजूषपणासाठी गाजलेल्या गाब्रोवोची बाई, आणि दुसऱ्याच्या पैशांसाठी भांडतेय!

स्नेझाना : दार लवकर लागावं, ऊब जाऊ नये, म्हणून आपलं गाव मांजरीचं शेपूट कापतं म्हणतात. पण निदान स्वतःच्या मांजरीचं.

ओग्न्यान : बरं बरं. भत्ता वगळून पाहिलंत?

स्नेझाना : सकाळीच. मर्यादा त्या त्या श्रेणीच्या सरासरीवरून निघते, म्हणून सगळ्याच श्रेणींच्या नव्याने काढल्या. मावशी आरामात आत बसते.

ओग्न्यान : मग झालं तर.

स्नेझाना : नाही झालं. एक जण बाहेर गेलाय.

ओग्न्यान : कोण?

स्नेझाना : तुम्ही. तुमच्या श्रेणीतले बाकीचे सगळे जुने. त्यांच्या भत्त्यांनी हद्द वर चढली होती, म्हणून तुम्ही आत होतात. भत्ते काढले, हद्द खाली आली. तुम्ही नवे, तुम्हाला भत्ताच नाही; तुमचा आकडा तेवढाच राहिला.

(ओग्न्यान पडद्यावर स्वतःचं नाव शोधतो.)

ओग्न्यान : या वाढीच्या भरवशावर बायकोला नवीन स्वयंपाकघर कबूल करून बसलोय मी.

स्नेझाना : वाईट वाटतंय मला. पण तुमच्या पाठीमागून काही करायचं नव्हतं. आणि जुना अहवाल मी पुढे नेणार नाही, तुम्ही रागावलात तरी.

ओग्न्यान : मावशीला माहीत आहे हे?

स्नेझाना : लाल खुणेचंसुद्धा माहीत नाही.

ओग्न्यान : होऊही नये. आणा तो नवा अहवाल, सही करतो. आणि माझ्या नावापुढची खूण लालच राहू द्या.