पाच टेकड्या आणि दोन विहिणी

वय एकसष्ट वर्षे, धंदा शिवणकाम (पडदे, अभ्रे, ब्लाउज), राहणार बाजारामागची गल्ली, दुसरा मजला, एकटी. आज रोजी आपण होऊन पोलीस ठाण्यात हजर झाले असून, विचारल्यावरून जबाब देते की,

माझ्या मुलीच्या सासूबाई, म्हणजे माझ्या विहीणबाई, वय चौसष्ट, निवृत्त नर्स, मुलगा-सुनेकडे राहतात. आमचे संबंध चांगले आहेत. लग्नात मानपानावरून थोडे झाले होते, त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही.

मागच्या रविवारी जेवताना जावई म्हणाले, "आता तुम्ही दोघींनी जिनासुद्धा कठडा धरूनच चढायचा." विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी त्यांच्याकडे पाहिले. पाच वर्षांत आमचे एकमत झाले ते तेव्हा पहिल्यांदा.

शहराबाहेर पाण्याच्या टाकीपासून दगडखाणीपर्यंत ओळीने पाच टेकड्या आहेत. अंतर बावीस किलोमीटर. सगळ्या एका दिवसात चढायच्या, वळसा घालायचा नाही, असे ठरले. घरी सांगितले की, पडद्यांच्या कामाला विहीणबाई दिवसभर माझ्याकडे येणार. हे खोटे होते. कल्पना त्यांची, पडदे माझे.

आज सकाळी पावणेसहाच्या पहिल्या बसने निघालो. दोघींचे फोन बंद होते. बॅटरी संपली नव्हती.

सव्वादहापर्यंत दोन टेकड्या झाल्या. विहीणबाई पुढे होत्या. मी मुद्दाम मागे राहिले होते, असे लिहून घ्यावे. तिसऱ्या टेकडीवर उकडलेली अंडी खाल्ली. पुढे वाट फुटत होती. त्या म्हणाल्या डावीकडे, मी म्हणाले उजवीकडे. नंतरचे बोलणे सांगण्यासारखे नाही. त्यात लग्नातला मानपान निघाला. त्या डावीकडे गेल्या, मी उजवीकडे.

माझी वाट मुरमाच्या उतारावर संपली. बारा चाळीसच्या सुमारास पाय सटकला आणि मी पाच-सहा फूट घसरून एका झुडपाला धरून राहिले. गुडघा सोलला, चष्मा खाली गेला. विचारले असता सांगते की, हाक मारली असती तर त्यांना ऐकू गेली असती. मी हाक मारली नाही.

वीस-पंचवीस मिनिटांनी विहीणबाई वर दिसल्या. त्यांची वाट बरोबर होती, तरी त्या परत आल्या होत्या. "काकड्या तुमच्याच पिशवीत राहिल्या," असे म्हणाल्या. मग खाली पाहिले आणि पालथ्या पडून ओरडल्या, "अगं ए बाई, हात दे! पिशवी मरू दे, हात दे आधी!"

आजवर आम्ही एकमेकींना अहो-जाहो करत आलो. मी हात दिला.

तिने स्वतःचा स्कार्फ माझ्या गुडघ्याला बांधला. दुखापत गुडघ्याला होती, नाडी मात्र तिने बराच वेळ धरून ठेवली. मी म्हणाले, "परत जाऊ या." ती म्हणाली, "आता उतरलो तर जन्मभर ऐकून घ्यावं लागेल. ऊठ."

चौथी टेकडी तीन वीसला, पाचवी साडेपाचला.

सव्वासहाला खाणीपाशी उतरलो, तिथे दोन हवालदार उभे होते. दुपारी मुलगी आमच्यासाठी डबा घेऊन माझ्याकडे गेली होती आणि तिला कुलूप दिसले होते, आणि पहिल्या बसच्या कंडक्टरने आम्ही टाकीपाशी उतरल्याचे पोलिसांना सांगितले होते, हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हते. हवालदारांनी मोबाइलवर लग्नातला फोटो दाखवून विचारले, "मावशी, या दोन म्हाताऱ्या वर कुठे दिसल्या का?" फोटोत आमची तोंडे स्वच्छ होती.

विहीण म्हणाली, "म्हाताऱ्या? नाही बाबा, म्हाताऱ्या काही दिसल्या नाहीत."

मी म्हणाले, "चौथीवर बघा."

ते दोघे चौथीवर गेले. अजून उतरत आहेत, असे इथे आल्यावर कळले. त्याबद्दल दिलगीर आहे. चढ कठीण आहे, हे मला माहीत आहे.

आम्ही बसने परतलो. दोन्ही घरे बंद होती. शेजारणीने सांगितल्यावरून इथे आलो. मुलगी आधी रडली, मग ओरडली. जावयांनी आपल्या आईसाठी खुर्ची पुढे केली. तिने त्यांनाच बसवले आणि पाणी पाजले.

चष्मा नसल्याने वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोलले तसाच तो उतरला आहे. पलीकडच्या टेबलावर माझ्या विहिणीचा जबाब चालू आहे. ती काय सांगते आहे ते मला इथून ऐकू येत नाही. ती जे सांगेल ते खरे आहे.