दाखल क्रमांक ४१२

मुलगी: बाबा, हात लावू नका. परत अडकलंय. एकशे अकराव्या फोटोवर.

बाबा: मघाशी एकशे नऊवर अडकलं होतं. म्हणजे दोन फोटो पुढे सरकलो की आपण.

मुलगी: पुढे कसले सरकतोय! त्याच्या आधी दोनशे तीसवर अडकलं होतं. दर वेळी नवीन जागा. सकाळपासून स्क्रीनवर एकच वाक्य वाचतेय मी. इनपुट आउटपुट एरर.

बाबा: म्हणजे काय पण?

मुलगी: म्हणजे ड्राइव्हला तुमची सीडी वाचता येत नाहीये. का येत नाहीये, ते सांगायला त्याला तोंड नाही.

बाबा: तू कॉम्प्युटरवर ते लिनक्स बसवलंस ना, तेव्हाच मी म्हणालो होतो. आधीचं काय वाईट होतं?

मुलगी: आधीचं सुरू होईपर्यंत तुमचा अख्खा पेपर वाचून व्हायचा. आणि लिनक्सचा काही संबंध नाही यात. तुमची भजनांची सीडी घालून बघितली ना आत्ता? पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. केबल बदलली. ऑफिसातून दुसरा ड्राइव्ह मागून आणला. त्याच्यावरही तेच. आता माझं डोकंच चालेनासं झालंय.

बाबा: डॉक्टरांना सांगावं का, दोन दिवस थांबा म्हणून?

मुलगी: मी विचारलं नसेल का? ऑपरेशनला उद्या सकाळी सातची वेळ मिळालीय, ती सोडली तर पुढची महिन्याने. आणि आईच्या फुप्फुसात दिसलेला तो ठिपका वाईट असेल तर महिनाभर थांबणं बरं नाही म्हणाले. आज पाचच्या आत जुन्या सीटी स्कॅनचे फोटो पाठवा. सहा वर्षांपूर्वी ठिपका तिथेच आणि तेवढाच असेल, तर आईच्या छातीला सुरी लावायची गरज नाही. नसेल, तर उद्या सात. सरळ हिशोब आहे.

बाबा: तेव्हाचा छापील रिपोर्ट आहे माझ्याकडे. फाइल नऊ, पान चार.

मुलगी: वाचलाय मी. ती जिन्यावरून पडली होती, म्हणून बरगडी बघायला सांगितली होती. त्यांनी बरगडी बघितली, बरगडीचं लिहिलं. फुप्फुसाबद्दल अवाक्षर नाही. आणि ते स्कॅनचं केंद्रही बंद पडलं. जे काही आहे ते या एका सीडीवर आहे, बाबा. किती वाजले?

बाबा: तीन वाजून अठरा मिनिटं.

मुलगी: ही घरघर ऐकली? भजनांच्या सीडीला अशी घरघर नव्हती. काढा ती बाहेर. द्या इकडे.

बाबा: मी काढतो. तिला कडेनं धरावं लागतं.

मुलगी: सकाळपासून तुम्हीच काढताय आणि तुम्हीच घालताय. मला एकदा बघू तरी द्या.

बाबा: बघ. पण बोटं उमटवू नकोस.

मुलगी: बाबा. हे काय आहे?

बाबा: चिठ्ठी. दाखल क्रमांक चारशे बारा. खाली तारीख, विषय, रुग्णाचं नाव.

मुलगी: सीडीवर कागद चिकटवलात? डिंकानं?

बाबा: मग कुठे चिकटवणार? वेष्टनावर चिकटवलं तर वेष्टन एकीकडे जातं आणि वस्तू दुसरीकडे. बत्तीस वर्षं ग्रंथालय सांभाळलं मी. एक पुस्तक गहाळ होऊ दिलं नाही.

मुलगी: पुस्तक गरगर फिरत नाही हो! ही मिनिटाला हजारो फेरे घेते. एका बाजूला कागद, एका बाजूला काही नाही. ती डुगडुगते. डुगडुगली की वाचणाऱ्या किरणाचा नेम चुकतो. कधी इथे चुकतो, कधी तिथे. देवा रे! आणि मी सकाळपासून केबली बदलतेय.

बाबा: मला काय माहीत ती इतकी फिरते.

मुलगी: तुम्हाला माहीत नव्हतं आणि मला बघू दिलं नाहीत. ठेवा ती टेबलावर. ड्राइव्हचा वेग कमी करायची एक कमांड आहे, ती शोधते. हळू फिरवली तर कदाचित वाचेल. दोन मिनिटं कुणी माझ्याशी बोलू नका.

आई: ठमे, मी बोलू का? माझी बॅग भरून झाली. तुझ्या बाबांनी टॉवेलावरसुद्धा नंबर घातलाय. दवाखान्यातल्या बायका विचारतील, तुरुंगातून आलात का?

मुलगी: आई, प्लीज. आत्ता नको.

आई: बरं बाई. मी आपली गप्प बसते. फक्त एवढं सांग, ते स्वयंपाकघरात ओल्या फडक्यानं काय चोळतायत?

मुलगी: बाबा! थांबा! बाबा, हात काढा तिच्यावरून!

बाबा: अगं, चिठ्ठीमुळे डुगडुगते म्हणालीस ना? मग चिठ्ठीच काढून टाकतो. कोपरा सुटलाय बघ.

मुलगी: दाखवा. त्या कागदाच्या खाली चकाकतंय ते काय आहे?

बाबा: डिंक असेल.

मुलगी: डिंक नाही तो. सीडीचं अस्तर आहे. माहिती खालच्या बाजूला नसते बाबा, वरच्या बाजूला असते, अगदी चिठ्ठीच्या खाली. तो पापुद्रा निघाला की तिथलं सगळं गेलं. ब्रह्मदेव आला तरी परत येत नाही.

बाबा: मला वाटलं, तुझी मदत होईल.

मुलगी: कुणी मागितली होती मदत? कुणी मागितली होती? सगळं आयुष्य हेच चाललंय. मिठाच्या बरणीवर नंबर, छत्रीवर नंबर, आणि जी एक गोष्ट नुसती कपाटात पडून राहिली असती तरी पुरलं असतं, तिचीच वाट लावलीत!

आई: ठमे. पुरे.

मुलगी: पुरे काय, आई? उद्या तुला कापणार आहेत.

आई: मला माहीत आहे ते. ते मुद्दाम करतील का? रंग उडालाय बघ त्यांचा. अहो, बसा तुम्ही त्या स्टुलावर. आणि ठमे, तू रागावत बसलीस तर पाच वाजतील. आता काय करता येतं ते सांग.

मुलगी: उजेडात येऊ दे मला. खिडकीचा पडदा सार. सीडी उलटी करून बघते.

आई: काय बघतेस?

मुलगी: लिहिणं आतून सुरू होतं आणि बाहेर जातं. जेवढं लिहिलंय तेवढा भाग जरा गडद दिसतो. हे बघ, मधून इथपर्यंत गडद, मग फिक्कं. आणि बाबांनी सोललंय ते... ते अगदी कडेला. फिक्क्यात. कोरी जागा आहे ती. बाबा, तुमचं नशीब थोर आहे.

बाबा: म्हणजे वाचेल?

मुलगी: तेवढं तरी गेलेलं नाही, एवढंच सांगते. आता चिठ्ठी तशीच राहू दे. घालते आत. वेग सगळ्यात कमी. आणि हा प्रोग्रॅम लावते. तो सोपं सोपं आधी उचलतो, अडलं की सोडून पुढे जातो, आणि शेवटी मागे फिरून राहिलेल्याशी झटापट करतो.

आई: घरघर थांबली की गं.

मुलगी: थांबली. आता बोलू नका. बघू दे आकडा.

बाबा: चाळीस टक्के झाले.

मुलगी: दिसतंय मला.

बाबा: एकाहत्तर. का थांबलं?

मुलगी: तुम्ही क्रमांक कशानं लिहिलात? चिकटवायच्या आधी की नंतर?

बाबा: नंतर. बॉलपेननं. उठावदार यावं म्हणून दोनदा गिरवला.

मुलगी: तो तुमचा चारशे बारा खाली उमटलाय. तिथेच अडलंय. नाही, काही बोलत नाही मी. सोडून पुढे गेला बघा. ब्याण्णव. अठ्ठ्याण्णव. आता मागे फिरेल.

आई: साडेचार वाजले.

मुलगी: असू देत. काही फोटो नाहीच येणार. तीनशे बारापैकी सात गेले. उघडते उरलेले. ही बरगडी. आणखी वर. आणखी वर जाऊ दे. आई, तू इकडे बघू नकोस.

आई: माझीच छाती आहे, मी बघणार.

मुलगी: इथे असायला हवा. हा फोटो गेलाय. याच्या पुढचाही गेलाय.

बाबा: देवा.

मुलगी: थांबा. याच्या पुढचा आहे. हा बघा. हा ठिपका. बाबा, आहे! तेव्हाही होता! पट्टी लावते. आठ. आठ मिलिमीटर.

बाबा: आणि आत्ताच्या रिपोर्टात?

मुलगी: आठ! आठच आहे. पाठवते. गेले. फोन लावते.

(फोन कानाला लावून) हो डॉक्टर, मीच. मिळाले का? हो, तोच. मधले दोन नाही आले. चालेल ना? बरं. बरं. नक्की ना डॉक्टर? मग सातला नाही यायचं? हो. सांगते. सांगते तिला.

बाबा: काय म्हणाले? पटकन बोल.

मुलगी: उद्याचं रद्द. सहा वर्षांत जागचा हलला नाही, तो आता काय हलणार म्हणाले. वर्षानं एकदा फोटो काढून बघू, बस्स. बाबा, रडू नका हो. चुकलं माझं, फार बोलले मी.

बाबा: तू बरोबरच बोललीस. मीच घालवून बसलो होतो सगळं.

आई: अहो.

बाबा: काय गं? पाणी देऊ?

आई: पाणी नको. इकडे या आणि हात धरा माझा. आठ दिवस थट्टा करत होते, पण फार भ्यायले होते हो मी.