पाचवा नट

—अहो, गाडी घ्यायला आलात तर बघा, पण तिथे वाकू नका, त्या चाकाखाली मुंग्यांनी घर केलंय. दिसला ना चाकावरचा तो नट? तोच. चार नट साधे आणि पाचवा कुलपाचा — त्याला पाना बसत नाही, त्याची किल्ली वेगळी असते. किल्ली म्हणजे दाराची नव्हे, अंगठ्याएवढं लोखंड, एका टोकाला फुलासारखी खाच. ती हरवली. कशी हरवली ते सांगतो, पण माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. तेव्हा या आंब्याला मोहर होता की कैऱ्या, हेसुद्धा मला धड आठवत नाही, आणि जे धड आठवतं ते मी मागाहून रचलं असेल, अशी धास्ती वाटते. जन्मभर पोरांना इतिहास शिकवला, म्हटलं, पुराव्याशिवाय बोलू नका — आता स्वतःशी बोलायचीही चोरी झालीय.

शिसारी येते मला या वस्तूची. चोरांनी चाकं नेऊ नयेत म्हणून हे कुलूप. हरारेत रविवारी प्रार्थनेला गेलेला माणूस बाहेर येतो तर गाडी विटांवर, म्हणून हे कुलूप. आणि होतं काय? चोराकडे छिन्नी असते आणि मालकाकडे किल्ली नसते. हसताय? हसा. तोही असाच हसायचा, जोसाया. म्हणायचा, "अरे दात पडलेल्या सिंहा, चाकाला कुलूप लावतोस, तोंडाला कधी लावणार?" माझं देवक सिंह, त्याचं माकड. तो माझा साव्हिरा आणि मी त्याचा. तुम्ही शहरात वाढलेले, तुम्हाला सांगायला हवं — साव्हिरा म्हणजे नुसता दोस्त नव्हे. आमच्या आज्यांपासूनचं नातं ते. त्याने माझ्या ताटातलं उचलावं, बायकोदेखत माझी अब्रू काढावी, घरातली वस्तू पळवावी, आणि मी रागवायचं नाही — कोंबडी देऊन सोडवून आणायची. आणि दोघांतला एक मेला की दुसऱ्याने त्याची टोपी घालून त्याच्याच अंगणात त्याचीच नक्कल करायची. विधवेलाही हसू फुटलं पाहिजे. मेलेल्याला हसून निरोप दिला नाही तर त्याचा पाय निघत नाही, असं आम्ही मानतो. म्हणजे, मी मानतो की नाही — ते राहू द्या.

तो शेवटचा आला तेव्हा माझ्या बायकोने, एस्नाथने, कोंबडी केली होती. कोंबडीचा पोटा, तो मानाचा चिवट तुकडा, कुणाचा? घरच्या कर्त्या पुरुषाचा. दरवेळी तो माझ्या ताटातून पळवायचा, त्या दिवशी मी तो वाढल्या वाढल्याच तोंडात टाकला. काय तो थयथयाट! "वहिनी, बघा, विद्वानाने माकडाच्या तोंडचा घास गिळला! याची वसुली करीन, सिंहा. चालत यावं लागेल तुला माझ्या दारी, चालत!" मग जाताना थांबला, म्हणाला, "थट्टा पुरे. मला पुरतील तेव्हा माझ्या खड्ड्यापाशी तूच यायचंस. तिथे दुसऱ्या कुणाचं तोंड बघायची माझी इच्छा नाही." छातीत दुखत होतं त्याच्या, ते मला कळायला हवं होतं. पोटा चघळत होतो मी.

मग तो गेल्याचा निरोप आला. त्याचं गाव बुहेराकडे. बुहेराचा रस्ता तुम्हाला ठाऊक आहे — डांबर संपलं की खडी आणि धूळ. गाडी चालवताना मी त्याच्या खोकल्याची तालीम करत होतो. खरंच. एक प्राध्यापक, काळा कोट, एकटाच, माकडासारखा खोकतोय, मध्येच ओरडतोय, "बायको, बिअर आण!" — आणि टायर फुटलं. चार नट निघाले. पाचव्यासाठी किल्लीचा डबा उघडला तर डबा रिकामा. सीट उचलल्या, चटया झटकल्या, खिसे उलटे केले. एक बस थांबली, तिच्यातले गडी उतरले, कुणी छोटा पाना हातोडीने ठोकून बसवला, कुणी छिन्नी लावली — नटाचं डोकं गुळगुळीत झालं, नट जागचा हलला नाही. एक जण म्हणाला, "आजोबा, चोर पकडलात तुम्ही. स्वतःलाच." शेवटी एका लॉरीत मक्याच्या पोत्यांवर बसून निघालो. फाट्यावर तिने उतरवलं, तिथून पुढे चालत.

पोचलो तर माती ओढून झाली होती. बायका लांब बसल्या होत्या. शहरातून एक धर्मोपदेशक आला होता, चकचकीत बूट, हातात भोंगा — घरचे म्हणाले, साव्हिऱ्यासाठी थांबू या, तर हा म्हणे, मयतापाशी थट्टा करणं हे अडाणीपण. अडाणीपण! आणि त्या बुटांनी ढेकळं तुडवत उभा. जोसायाची टोपी खांबाला तशीच टांगलेली. त्याची विधवा माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "कुणीच हसलं नाही, भावजी." साद्झा, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, वाढला त्यांनी मला. ताट बाजूला सारलं. इतकी किळस मला कशाचीच आली नव्हती — त्या भोंग्याची, त्या नटाची, माझ्या काळ्या कोटाची.

तो एक नट गावच्या वेल्डरने कापून काढला, गाडी कशीबशी इथे आणली, लावली या आंब्याखाली. संशय कुणावर? कोपऱ्यावरच्या टायरवाल्यावर. दुसऱ्या कुणाचा हात लागला होता त्या डब्याला? तो नमस्कार करायचा, मी मान फिरवायचो.

काय म्हणालात? उरलेले तीनही कापता येतील? दुपारी वेल्डर घेऊन येता? नाही. नाही म्हणजे नाही. गाडीची किंमत काढू नका, ते कारण नव्हे. अहो, किल्ली नाही म्हटलं, पण ती तेव्हा नव्हती. मेलेल्याचे कपडे नातलगांत वाटायची रीत आहे ना, त्यात त्याचा तपकिरी कोट भाच्याकडे गेला होता. भाच्याने तो वर्षानुवर्षं घातला, मग अस्तर फाटलं, ते फारई शिवायला बसली — फारई म्हणजे जोसायाची मुलगी — आणि ती तशीच बसने इथे आली. अस्तरात सापडलेलं लोखंड हातावर ठेवलं माझ्या. माकडाच्या हाती कोलीत म्हणतात, इथे माझ्या चाकाची किल्ली. वसुली! चालत यायला लावीन म्हणाला होता आणि चालत नेलं मला — स्वतःच्याच खड्ड्यापाशी. त्याला काय माहीत होतं की किल्ली परत मागायला मी येईन तेव्हा तो — फारईला मी म्हणालो, पुरावा काय? दुसरीही असू शकते. कोट तोच कशावरून? एस्नाथने कोटाचं बटण पाहिलं. कोंबडीच्या त्या संध्याकाळी तिनेच ते शिवून दिलं होतं, निळ्या दोऱ्याने, काळा दोरा सापडला नाही म्हणून. मग आम्ही दोघं खोकलो. म्हणजे मी खोकलो, त्याच्यासारखा, इथेच या अंगणात, आणि ती पोर हसली, आणि हसता हसता —

पुरे. विकायची नाही गाडी. जा तुम्ही. फाटक ओढून घ्या, नाहीतर शेळ्या शिरतात.

किल्ली बसते. मी लावून पाहिली. तिन्ही चाकांना बसते.