वाजलं तर खण

हॅलो?… हां, बोल गं चिमे… दुकानातच आहे. एकाचा मेटल डिटेक्टर उघडून बसलोय, थांब, स्पीकरवर टाकतो… हां, आता बोल.

रडतेयस का?… मग नाक का वाजतंय?… सर्दी. बरं, सर्दी तर सर्दी.

बाबांच्या घरी? किल्ल्या आजच द्यायच्या ना?… पाच वाजता, बरोबर. मग? घर घेणाऱ्या त्या लोकांनी आता काय नवीन काढलं?

काय?

हळू बोल, काय सापडलं?… बाबांचं नाणं? टॉसचं?… काहीतरीच! कुठे?… नळाजवळ?

नाही नाही, चिमे, ऐक ना माझं. नळाजवळ मी स्वतः मशीन फिरवलंय. बाबा पायरीवर खुर्ची टाकून समोर बसले होते… हो, तेच तर घोकत होते, तिसऱ्या पायरीपासून चार पावलं, नळाच्या डाव्या हाताला. 'आपली नात पंच होईल तेव्हा तिला द्यायचं, चोरांना सापडू नये म्हणून पुरलंय.' पन्नास वेळा ऐकलंय मी… अगं पण नव्हतं ना तिथं! कुणाच्या तरी खिशातून पडलेलं असेल…

खाच? कडेला? कानशीनं पाडलेली?…

हो. ती बाबांचीच. खिशात नाणं अंगठ्याला कळावं म्हणून.

किती खोल होतं?… वीतभर? गुलाब काढताना खुरप्याला लागलं?… बरं, एक काम कर. फ्रीजवरचं चुंबक घे… अगं हो, फ्रीज गेला, विसरलोच. मग तुझी पर्स? तिचं बटण चुंबकाचं आहे ना? त्याला लाव नाणं… का ते नंतर सांगतो, आधी लाव तर!

चिकटलं?

…घट्ट?

काही नाही. स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. एक मिनिट हं… नाही हो साहेब, तुमचं काम आज नाही व्हायचं. उद्या या. नाही, खरंच उद्या… हां चिमे, गेले ते. दार लावून घेतलं.

कसं सांगू तुला. हे नवं नाणं, बाबा पंच म्हणून शेवटचा सामना उभे राहिले त्या वर्षीचं. आत पोलाद, वरून नुसता मुलामा. जुनं नाणं मशीनखाली आलं की कसं स्वच्छ वाजतं, टुणकन. हे खरखरतं. आतलं लोखंड एक सांगतं, वरचा मुलामा दुसरंच सांगतो. पडद्यावर आकडा कधी बारा, कधी तीस, एका जागी थांबेल तर शपथ. मशीन बिचारं म्हणतं, खिळा असेल… हो, मला माहीत होतं. रोज सांगतो मी गिऱ्हाइकांना. भिंतीवर कागद चिकटवलाय, 'नवी नाणी फसवतात', माझ्याच अक्षरात. आत्ता समोरच दिसतोय.

चिमे, त्या दिवशी फोनवर मी तुला काय म्हणालो होतो?… हो. 'काहीच वाजलं नाही.' तेच.

वाजलं होतं गं.

दोनदा. नळाच्या डाव्याच हाताला. खरखरलं. आपलं अंगण म्हणजे खिळ्यांचं माहेरघर, आणि लोखंडाच्या आवाजावर खणायचं नाही, ही माझी वीस वर्षांची सवय. बाबांनी ऐकलं ना! मान वर करून म्हणाले, 'वाजलं ना?' मी म्हटलं, बाबा, खिळा आहे तो. तर म्हणाले, 'वाजलं तर खण की.'… मी मशीन बंद केलं. दुकान उघडायचं होतं. म्हटलं, बाबा, तुम्हाला भास होतात… हो, तोंडावर म्हणालो. असंच, याच शब्दांत.

उठले. खुर्ची उचलून आत गेले. मला उचलू दिली नाही.

हो… त्यावरूनच. मीच म्हणालो ना, आता त्यांना एकटं ठेवणं बरं नाही. वृद्धाश्रमाच्या कागदावर सही माझी आहे, तुझी नाही. तू नको रडूस. मी सांगितलं ते तू खरं मानलंस, एवढंच… नाही चिमे, तुझी काही चूक नाही. ऐक तरी.

जाईपर्यंत चार महिने तिथं होते, पण नाण्याचं नाव काढलं नाही कधी. आणि मी तिथल्या डॉक्टरांना काय सांगितलं माहितेय? म्हटलं, विसरले एकदाचे, बरं झालं… हं. विसरले कसले. मला सांगायचं सोडलं त्यांनी.

…आहे. इथंच आहे. बोल.

तुझ्या लेकीचा सामना कधी, उद्याच ना?… सकाळी आठला. पंच म्हणून पहिलाच. मग टॉस त्याच नाण्यानं कर म्हणावं… मी? नाही, मी नाही देणार. तूच दे. पुसून दे, पण घासू नकोस, मुलामा जाईल.

आणि सांग तिला, आजोबांनी जागा अगदी बरोबर सांगितली होती. चार पावलं म्हणजे चारच… नाही, 'मामाला सापडलं नाही' असं नको सांगू. मशीन फसलं, असंही नको. दादाची बाजू घेऊ नकोस आज. सरळ सांग, नाणं वाजलं होतं, मामानं खणलं नाही.

…हो. असंच सांग.

हं. ठेवतो.